मणक्याच्या दुखापतीनंतर सांध्याभोवती वाढणारे हाड



उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना कोणी घसरतो, कोणी विहिरीच्या कामावर खाली पडतो, कोणाची गाडी उलटते. पाठीचा मणका मोडून आतला मज्जारज्जू दुखावला की खालचं अंग लुळं पडतं, हे आपणां सर्वांस माहीत आहे. पण पुढे महिना-दोन महिन्यांनी खुब्यापाशी जी नवीच भानगड उभी राहते, ती पुष्कळ घरांना ठाऊक नसते. तिच्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

अंथरुणावरच्या माणसाची एक मांडी सुजते. हात लावला तर गरम लागते, कातडी लालसर दिसते, कधी ताप येतो. पाय पोटाशी आणू गेलं तर पूर्वीसारखा येत नाही. त्या अंगाला संवेदना नसेल तर दुखतं म्हणून तो सांगणार तरी कसा? रोज अंग पुसणाऱ्या माणसाच्याच हे ध्यानात यायचं.

आत काय होतं, तर सांध्याभोवतीच्या स्नायूंत आणि मऊ भागात खरंखुरं हाड तयार होऊ लागतं. नुसता चुना साठतो असं नव्हे. पक्क्या झालेल्या या हाडात मगजसुद्धा असतो. तुरा आलेल्या उसाला उभ्यानंच पांगशा फुटाव्यात, तसं हे भलत्या जागी फुटणं. सर्वांत जास्त खुब्याला, त्याखालोखाल गुडघ्याला. मानेचा मणका गेला असेल तर खांदा आणि कोपरालाही. दुखापतीच्या पातळीखालच्या अंगातच हे होतं आणि बहुतेकांना पहिल्या ३ ते १२ आठवड्यांत सुरू होतं. अंग पूर्ण लुळं पडलेल्यांना, पाय फार आखडणाऱ्यांना आणि पाठीला जखमा झालेल्यांना धोका अधिक.

हा रोग आजकालचा नाही. पहिल्या महायुद्धात गोळ्या लागून लुळे झालेल्या सैनिकांमध्ये ही हाडं पाहून १९१८ साली फ्रान्समध्ये ऑगस्टा देजेरिन-क्लुम्प्के या डॉक्टरीणबाई आणि त्यांचे सहकारी सेलिये यांनी त्यावर लिहिलं. शंभर वर्षं उलटली, पण हाड नेमकं का फुटतं याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. दूध बंद केल्यानं मात्र ते थांबत नाही. आजाऱ्याचं दूध तोडू नये.

आता मुख्य गोष्ट. पाय सुजला की आपल्याकडे पहिलं काय करतात? तेल कोमट करतात आणि चोळतात, नाहीतर हाडवैद्याला बोलावून पाय ओढून घेतात. हे करू नका! अशीच सूज शिरेत रक्ताची गुठळी झाल्यानंही येते, आणि चोळल्यानं ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. गुठळी, हाड मोडणं, पू होणं आणि हे वाढतं हाड, चारही वरून सारखंच दिसतं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दम लागला, छातीत दुखलं तर क्षणाचाही विलंब नको.

सुरुवातीला एक्स-रे कोरा येतो, म्हणून निर्धास्त होऊ नये. बोन स्कॅनमध्ये हे आधी कळतं. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेजही वाढलेलं आढळतं. इंडोमेथॅसिनसारखी औषधं देतात, पण ती पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधू शकतात, दुकानातून आपल्या मनानं आणू नयेत. सांधा हलवणं डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवावं, पण हलक्या हातानं. जोर लावून वाकवू नये.

सगळ्यांचाच सांधा जाम होतो असं नाही. ज्यांचा होतो त्यांचे हाल आम्ही काय सांगावेत! खुबा वाकेना म्हणजे चाकाच्या खुर्चीत बसता येत नाही. कसंबसं बसवलं तर सगळा भार एका कुल्ल्यावर येऊन तिथं जखम पडते. मग शस्त्रक्रिया करून हाड काढावं लागतं. ते पक्कं होण्याची बहुधा वाट पाहतात, आणि काढल्यावरही पुन्हा वाढू शकतं. हे काम मोठ्या रुग्णालयाचं. मुंबईस हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथं अशा रुग्णांच्या पुनर्वसनाचं काम चालतं.

घरी करायचं ते थोडकंच. शिंप्याच्या टेपनं दोन्ही मांड्यांचा घेर रोज एकाच जागी मोजावा आणि तारीख घालून वहीत लिहावा. एका बाजूचा घेर वाढू लागला की ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जावं.