बावीस पायांचा हिशेब

पस्तीस वर्षे बँकेत नोटा मोजल्या. निवृत्त होऊन राजापूरच्या घरी आल्यावर अळीचे पाय मोजत बसण्याची पाळी येईल, असे कुणी सांगितले असते तर मी ते माझ्या कादंबरीतसुद्धा खपवून घेतले नसते!

झाले असे की, भात झोडून झाल्यावर वहिनींनी नेहमीप्रमाणे खालच्या कुणग्यात मुळा आणि लाल माठ पेरला. आमच्याकडे मुळा लावायचा तो कंदापेक्षा पाल्यासाठी. कोवळ्या पाल्याची भाजी, वर ओले खोबरे. मग दुसरे काही लागत नाही. पाने चांगली तरारली आणि एका सकाळी पाहतो तो त्यांची चाळण झालेली.

"भावजी, शेजारच्या माठाला एक भोक नाही बघा. मुळ्यानेच ह्यांचं काय घोडं मारलं?"

मी तडक बाजार गाठला. अळ्या मारणाऱ्या जिवाणूंच्या भुकटीबद्दल कुठेतरी वाचले होते, तीच मागितली. दुकानदाराने बिचाऱ्याने विचारलेही, "कसली अळी?" मी साहेबी थाटात उत्तर दिले, "अळी म्हणजे अळी!" चार दिवस फवारणी केली. अळ्या मजेत होत्या, मुळ्याच्या मात्र शिरा उरल्या.

तेव्हा कुठे भिंग काढले. काळपट हिरवी, सुरकुतलेली, पाठीवर पाच काळे पट्टे. पाय मोजले. फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीला पुढे तीन जोड्या खरे पाय आणि मागे फार तर पाच जोड्या मांसल पाय असतात. हिला मागे आठ! म्हणजे एकूण बावीस पाय. ही फुलपाखराची अळी नव्हेच; ही मोहरीवरची करवती माशी, शास्त्रीय नाव अथालिया ल्युगेन्स. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या हे तिचे गणगोत. मी आणलेली भुकटी फुलपाखरे-पतंगांच्या अळ्यांसाठी. खाते एकाचे आणि वसुली दुसऱ्याकडून, असला प्रकार!

नारंगी अंगाच्या, धुरकट पंखांच्या ह्या माशीला नांगी नाही. तिच्या पोटाच्या टोकाला बारीक करवत असते. त्या करवतीने पानाच्या कडेला चीर पाडून ती एकेक अंडे आत ठेवते. आठवडाभरात अळी बाहेर येते, कात टाकत टाकत वाढते, आणि दोन-तीन आठवडे, थंडी असेल तर त्याहूनही जास्त दिवस पाने खाऊन मातीत उतरते. तिथे कोश विणून माशी होते. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही तिची घरे. माठाकडे ती ढुंकून पाहत नाही. ह्या कुळातल्या पानांचा जो झणका आपल्या नाकाला झोंबतो, तोच हिचा आधार. हिच्या युरोपातल्या एका चुलत जातीवर 2001 साली संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की, तिथली अळी पानातली ही झणझणीत द्रव्ये रक्तात साठवते आणि संकटात अंगावर रक्ताचे थेंब आणून शत्रूला पिटाळते.

आता जहाल औषध मारावे, तर पाला म्हणजेच भाजी. फवारा थेट ताटातच पडायचा. पण ह्या अळीला एक खोड आहे. जरा धक्का लागला की ती अंग चोरून खाली पडते आणि मेल्याचे सोंग घेते. उन्हात ती लपते, सकाळ-संध्याकाळ पानावर येते. मग काय, आठवडाभर पहाटे दव असतानाच आम्ही दोघे कुणग्यात उतरत होतो. वहिनी पानाखाली साबणाच्या पाण्याचे घमेले धरायच्या, मी पान हलवायचो. पहिल्या दिवशी एकशे चाळीस. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही!

मुळा अर्धा हाती लागला. तो काढल्यावर मातीतले कोश वर यावेत म्हणून जमीन उकरली. इंग्लंडात अठराव्या शतकात ह्याच जातकुळीच्या काळ्या अळीने नॉरफोकमधली सलगमे फस्त केली होती. अशा शेतांत तिकडे बदके सोडत. मी हे वहिनींना सांगितले. शेजारच्या कोंबड्यांना जन्मभर काठी दाखवणाऱ्या वहिनी जरा वेळ गप्प राहिल्या, आणि मग स्वतः जाऊन त्यांनी गडग्याचे बेडे उघडले.