शिबिरातले तास कुठे मांडायचे?

लेखमाला : परवान्यानंतरचं शिक्षण
लेखांक सहावा

सुरगाण्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीजवळच्या एका पाड्यावर, शाळेच्या ओसरीत आम्ही सिकलसेलची तपासणी करत होतो. बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, छोट्या नळीतल्या द्रावणात मिसळायचा, थोडं थांबायचं आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्त पुढच्या तपासणीला पाठवायचं, कारण हे मूल नुसतं वाहक आहे की आजारी, हे त्या नळीवरून कळत नाही. पाचव्या की सहाव्या नळीमागच्या रेघा पुसल्या गेल्या. समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. तिची आई म्हणाली, "डॉक्टर, हिचे हातपाय लहानपणापासून दुखतात. पावसाळ्यात तर रात्रभर रडते. सगळे म्हणतात, वाढीचं दुखणं आहे."

तीन आठवड्यांनी अहवाल आला. आई आणि वडील, दोघांकडूनही तेच जनुक आलेलं होतं. म्हणजे आजारच.

मी नाशिकमध्ये वीस वर्षं दवाखाना चालवतो. हातपाय दुखणाऱ्या कितीतरी मुलांना मी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या असतील. त्यांत अशी किती होती, हे आता शोधता येणार नाही. पण त्या दुपारपासून पेठ, सुरगाणा, कळवणकडून आलेलं दुखऱ्या हातपायांचं एकही मूल मी सिकलसेलची चौकशी केल्याशिवाय परत पाठवलेलं नाही. त्याच महिन्यात मी शहरातल्या एका सभागृहात दिवसभराच्या सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमाला, बसलो होतो. व्याख्यानं चांगली होती, टिपणं अजून माझ्याकडे आहेत. त्या दिवसाचे क्रेडिट पॉइंट, म्हणजे गुण, माझ्या खात्यात जमा झाले. पाड्यावरचा दिवस कुठेच जमा झाला नाही.

गेल्या आठवड्यातल्या लेखांकानंतर अनेक वाचकांनी विचारलं, की मोफत सेवेचे तास परवान्याच्या नूतनीकरणाच्या हिशेबात का धरत नाहीत? आजचा लेखांक त्या प्रश्नासाठी.

आधी हिशेब काय आहे ते पुन्हा एकदा पाहू. महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरची नोंदणी मुंबईतल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि दर ५ वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी ५ वर्षांत ३० गुण हवेत. या आकड्याचं मूळ २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेच्या नियमावलीत आहे. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने ती काढली. २०२३ च्या २ ऑगस्टला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली आणली खरी, पण त्याच महिन्याच्या २३ तारखेला ती स्थगित झाली. म्हणून २००२ चीच नियमावली पुढे चालू राहिली.

तिच्यातलं कलम नीट वाचण्यासारखं आहे. डॉक्टरने नामांकित शैक्षणिक संस्थांनी भरवलेल्या व्यावसायिक सभांना ५ वर्षांत निदान ३० तास हजर राहावं, असा त्याचा आशय आहे. सभांना हजर राहावं. शिक्षण म्हणजे कुणीतरी बोलणार आणि आपण ऐकणार, हे त्यात गृहीतच आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सभेची हजेरी मोजता येते, वक्त्याची पात्रता तपासता येते, आयोजक संस्थेला जाब विचारता येतो. खाटेशेजारी झालेलं शिकणं मोजायला अवघड असतं, म्हणून ते बाहेर राहिलं.

गंमत अशी, की परवाना मिळण्याआधी आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात आपली व्यवस्था उलटं वागते. २०२१-२२ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून गावातली कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. त्यांच्या घरी जायचं, रक्तदाब मोजायचा, काय खातात-पितात ते लिहायचं, आणि हे सगळं अभ्यासक्रमात धरलं जातं. पदव्युत्तर निवासी डॉक्टर तर परवानाधारकच असतो. त्याला ३ महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात आणि ते त्याच्या प्रशिक्षणाचा भाग मानले जातात. म्हणजे ओपीडीत, वॉर्डात, गावात माणूस शिकतो, हे तत्त्व आपल्याकडे मान्य आहे. पदवी हातात पडली आणि स्वतःच्या नावाची पाटी लागली, की त्याच माणसाचं शिकणं फक्त खुर्चीत बसून होतं, असं आपण कसं धरून चाललो?

आता बाहेर काय चालतं ते पाहू. अमेरिकेत परवाना राज्यं देतात, त्यामुळे नियमही राज्यागणिक बदलतात. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे त्या त्या व्यवसायाच्या मंडळाला अशी मुभा देता येते, की सक्तीच्या शिक्षणातले २५ टक्क्यांपर्यंत तास गरीब किंवा आरोग्यसेवेपासून वंचित लोकांच्या मोफत सेवेतून भरून काढावेत. दोन अटी मला महत्त्वाच्या वाटतात. सेवेला मंडळाची मंजुरी आधी घ्यावी लागते, मागाहून कागद जोडून चालत नाही. आणि गरीब कोण, हे डॉक्टरने ठरवायचं नसतं, त्यासाठी केंद्र सरकारची दारिद्र्यरेषा धरली जाते. ओहायोत हिशेब आणखी सरळ आहे. विमा नसलेल्या गरीब रुग्णांसाठी ६० मिनिटं स्वयंसेवा केली, तर १ तास जमा होतो, पण एकूण गरजेच्या एक तृतीयांशापर्यंतच. तिथे हा नियम फक्त डॉक्टरांपुरता नाही, इतर परवानाधारक आरोग्य व्यावसायिकांनाही तो लागू आहे.

ब्रिटनची वाट वेगळी आहे आणि मला ती जास्त पटते. डिसेंबर २०१२ पासून तिथे डॉक्टरला दर ५ वर्षांनी परवाना टिकवण्यासाठी आपल्या सगळ्या कामाचा आढावा द्यावा लागतो. त्यात विनामोबदला केलेलं कामही येतं. पण नुसते तास सांगून भागत नाही. त्या कामातून काय उमगलं, कुठे चुकलं, पुढे काय बदललं, हे लिहून आढावा घेणाऱ्या सहकाऱ्यासमोर ठेवावं लागतं.

हा फरक बारीक वाटेल, पण सगळी मेख त्यातच आहे. सेवा आणि शिक्षण या एकच गोष्टी नाहीत. एका दिवसात २०० रुग्ण पाहून प्रत्येकाच्या हातावर त्याच चार गोळ्या ठेवणारं शिबिर मी पाहिलेलं आहे, त्यात कामही केलेलं आहे. संध्याकाळी आम्ही दमून परतलो, लोकांनी हात जोडले, फोटो निघाले. त्या दिवशी मी नवीन काहीही शिकलो नाही. उच्च रक्तदाबाच्या ज्या रुग्णांना आम्ही १५ दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्यांचं सोळाव्या दिवशी काय झालं, हेही मला माहीत नाही. अशा दिवसाला गुण देणं चूक ठरेल.

आकड्यांच्या मागे धावलं की काय होतं, याचं भीषण उदाहरण आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये घडलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या एका नसबंदी शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या अनेक जणी दगावल्या. ते स्वयंसेवेचं शिबिर नव्हतं, सरकारी कार्यक्रम होता. पण किती केलं हा एकच प्रश्न विचारला गेला, की कसं केलं हे मागे पडतं, एवढं त्यावरून कळायला हवं. सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदीची शिबिरं ३ वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा आपल्याकडे सेवेला गुण द्यायचे झाले, तर ते रुग्णसंख्येवर कधीही देऊ नयेत, हे पहिल्या ओळीतच लिहावं लागेल.

मग सेवेतलं शिक्षण कसं दिसतं? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे त्याचं मराठी मुलखातलं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण. ते ग्रामीण सरकारी नोकरीत होते, स्वयंसेवक नव्हते, हे आधीच सांगतो. कोकणात लाल विंचू चावलेली मुलं त्यांच्यापुढे मरत होती आणि पुस्तकात त्यावर उपाय नव्हता. त्यांनी रुग्णाशेजारी बसून घाम कधी येतो, हातपाय कधी गार पडतात, हृदय कधी थकतं, हे तासातासाला लिहून ठेवलं. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा विंचूदंशावर उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सभागृहातल्या आम्हा डॉक्टरांना आज विंचूदंशावर जे शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं त्या नोंदवहीतून आलेलं आहे.

नोंदवही हा शब्द मी मुद्दाम वापरतो. बावस्करांनी पाहिलं, लिहिलं, ताडून पाहिलं आणि दुसऱ्यांपुढे ठेवलं. पाड्यावरच्या त्या मुलीने मला जे शिकवलं, तेही पक्कं झालं ते अहवाल परत आला म्हणूनच. तिथल्या आशाताईंनी तो हट्टाने माझ्यापर्यंत पोचवला. त्यांनी तसं केलं नसतं, तर माझ्या लेखी ती एक गढूळ नळी राहिली असती.

आता नाशिकविषयी. हा प्रश्न याच शहराने हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याची दोन कारणं आहेत.

एक म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ मध्ये ते स्थापन झालं आणि आज दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला त्याचं मुख्यालय आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी, सगळ्यांच्या पदव्या तिथून निघतात. परवाना देणारी कौन्सिलं प्रत्येकाची वेगळी, पण शिकवण्याची जबाबदारी एकाच छताखाली, अशी सोय सगळीकडे नसते. सेवेचा एखादा उपक्रम शैक्षणिक आहे की नाही, हे तपासायला विद्यापीठापेक्षा योग्य जागा कोणती? कौन्सिलने गुण मान्य करायचे आणि विद्यापीठाने उपक्रम पारखायचा, अशी वाटणी करता येईल.

दुसरं कारण सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ही ध्वजारोहणाची तारीख ठरली आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. रामकुंडापासून तपोवनापर्यंत आणि तिकडे त्र्यंबकेश्वरला तात्पुरते दवाखाने लागतील आणि खासगी डॉक्टरांना हाक दिली जाईल. ती दरवेळी दिली जाते आणि नाशिककर डॉक्टर जातात. त्या तंबूत जे दिसतं ते एरवी दिसत नाही. इन्सुलिन गावी विसरून आलेले म्हातारे बाबा, पावसात भिजून तापाने फणफणलेली मुलं, एकाच आखाड्यातून एकाच सकाळी आलेले जुलाबाचे १२ रुग्ण. हे बारावं प्रकरण आहे हे ओळखणं आणि लगेच वर कळवणं, हे सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण आहे. २०१५ च्या सिंहस्थात हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित डॉ. सच्चित बळसरी यांच्या गटाने दवाखान्यांत येणाऱ्या तक्रारी टॅबलेटवर रोजच्या रोज नोंदवून साथीची चाहूल घेण्याचा प्रयोग इथेच केला होता. आणि २७ ऑगस्ट २००३ ची, सिंहस्थातलीच, चेंगराचेंगरी या शहराच्या आठवणीतून गेलेली नाही. त्या दिवशी ३९ भाविक गेले. एकाच वेळी ढिगाने आलेल्या जखमींत आधी कुणाला हात लावायचा, हे ठरवण्याचा सराव स्लाइड पाहून होत नाही.

मी असं सुचवतो. सिंहस्थात सेवा देणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने आधी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्यावं, त्यात जखमींची वर्गवारी आणि साथीची सूचना देण्याची पद्धत हातांनी करून पाहावी. ड्यूटीवर त्याच्याबरोबर एखादा अनुभवी मार्गदर्शक असावा. ड्यूटी संपल्यावर त्याने दोन रुग्णांविषयी एकेक पान लिहावं : काय पाहिलं, काय केलं, आज पुन्हा तोच रुग्ण आला तर काय वेगळं करीन. पुढे पाठवलेल्या रुग्णाचं काय झालं, हे त्याला कळवण्याची जबाबदारी व्यवस्थेची. मार्गदर्शकाने ती पानं वाचावीत, सही करावी, आणि मग ३० पैकी सहा-सात गुण या वाटेने मिळावेत. बाकीचे सभागृहातून मिळवावेत, कारण नवी औषधं आणि नवं संशोधन पाड्यावर आपोआप पोचत नाही.

यावर एक आक्षेप मला जवळच्या मित्रांनीच घेतला. गुण लावले की सेवेतली निष्ठा जाईल, लोक गुणांसाठी येतील. मला तो पूर्ण खोडता येत नाही. पण माझ्यासमोर सटाण्याचा एक तरुण डॉक्टर आहे. एकट्याचा दवाखाना, घरी लहान मूल, आणि सीएमईसाठी वर्षातून काही वेळा नाशिकला येणं म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडवणं. त्याला आदिवासी पट्ट्यातल्या केंद्रावर महिन्यातून एक दिवस जायची इच्छा आहे. दोन्हीसाठी दिवस काढणं त्याला जमत नाही, म्हणून तो सभागृह निवडतो, कारण परवाना तिथे टिकतो. त्याची निष्ठा कमी नाही. नियमाने त्याला एकच दार उघडं ठेवलं आहे.

नियम बदलेपर्यंत एक गोष्ट मात्र कुणाच्या परवानगीशिवाय करता येते. त्या पाड्यावरून आल्यावर मी दोनशे पानी वही घेतली. शिबिराला गेलो की त्या रात्री दोन रुग्णांविषयी लिहितो, आणि पंधरा दिवसांनी तिथल्या आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला फोन करून त्यांचं काय झालं ते समासात टिपतो. पहिल्या पानावर ती मुलगी आहे. तिच्या समासात आतापर्यंत सात नोंदी झाल्या आहेत. शेवटची गेल्या महिन्यातली, की या पावसाळ्यात ती एकदाच दुखून झोपली आणि शाळा तीनच दिवस बुडाली.

(पुढील आठवड्यात : परिचारिकांच्या नूतनीकरणाचा हिशेब, आणि रात्रपाळी करून शिकायचं कधी?)