किरण स्वस्त की गोळा?

दोन लिटर पेट्रोलच्या पैशांत शत्रूचे ड्रोन पाडता आले तर ते कोणाला नको आहे? १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे डीआरडीओने, म्हणजे आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने, वाहनावर बसविलेल्या लेझर अस्त्राची चाचणी घेतली. त्या किरणाने वैमानिकाविना उडणारी छोटी विमाने पाडली, आणि काही सेकंदांच्या माऱ्याचा खर्च दोनेक लिटर पेट्रोलइतकाच येतो, असे सरकारी पत्रकात आवर्जून नमूद झाले. महिनाअखेरीस खर्चाची वही उघडण्याचे टाळणाऱ्या आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांना हा आकडा मोठा गोड वाटतो. मलाही वाटला. पण जन्म मराठी शिकविण्यात गेल्याने शब्दाला अडखळण्याची खोड लागली आहे. पत्रकात खर्च सांगितला आहे तो ‘माऱ्याचा’. अस्त्राचा नव्हे.

एका माऱ्याच्या खर्चाला एकाएकी एवढे महत्त्व का आले, ते २०२५ च्या मे महिन्यात आपण पाहिलेच. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले, असे आपल्या सरकारने सांगितले. ड्रोन ही तशी स्वस्त वस्तू. ती पाडायला अमेरिकी पेट्रियटसारखे क्षेपणास्त्र वापरावे, तर एकेकाची किंमत चाळीस लाख डॉलरच्या आसपास जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण आता युद्धशास्त्राच्या पुस्तकातच घालायला हवी! आपल्या सैन्याने त्या दिवसांत क्षेपणास्त्रांबरोबर एल-७० या जुन्या तोफाही कामाला लावल्या. मूळ स्वीडनच्या बोफोर्स कंपनीची ही ४० मिलिमीटरची तोफ. कित्येक जण तिला इतिहासजमा समजत होते. नव्या दुर्बिणी आणि रडार यांच्या जोडीने तिने चोख काम बजावले.

गोळ्याचे एक मोठे सुख आहे. तो आपली शिदोरी बरोबर घेऊन येतो. दिवाळीतला फटाका पाहा: जळणारा पदार्थ आणि त्याला जाळणारा प्राणवायू दोन्ही त्या कागदी नळीत कोंडलेले असतात, ठिणगी तेवढी बाहेरची. तोफेच्या दारूचेही तेच. पेटीत वर्षानुवर्षे पडून राहिलेला गोळा हाक मारताच उठतो. किरणाला मात्र प्रत्येक वेळी ताजे जेवण लागते, आणि ते विजेचे. कर्नूलचे अस्त्र ३० किलोवॅटचे. अशा यंत्रात घातलेल्या विजेचा साधारण तिसरा हिस्साच किरण होऊन बाहेर पडतो, म्हणजे मारा चालू असताना सुमारे १०० किलोवॅट वीज हवी. आमच्या बीड जिल्ह्याच्या भाषेत सांगायचे, तर विहिरींवरच्या पाच अश्वशक्तीच्या २५-२७ मोटारी एकदम चालू कराव्यात एवढी. दहा सेकंदांचा हिशेब केला तर पाव युनिटाहून किंचित जास्त. घरगुती दराने दोन-तीन रुपये! पत्रकातले पेट्रोल सढळ हातानेच ओतले म्हणायचे.

पण उरलेल्या दोन हिश्शांची उष्णता होते. ती तत्काळ काढून टाकली नाही तर शत्रूआधी आपलेच यंत्र शिजायचे. थंडाव्याची महती आम्हांला कोणी शिकवायला नको. परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१५ साली बंद पडले ते पाण्यावाचून. लेझरला धरणाचे पाणी लागत नाही हे खरे. पण वीजजनित्र, शीतयंत्र, आरसे, दुर्बिणी असा सारा संसार त्याला पाठीवर वाहावा लागतो, आणि पेट्रोलच्या हिशेबात हा संसार धरलेला नाही. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’ लेझरचा एक मारा दहा पौंडांहून कमी खर्चाचा, असे तिथले सरकार सांगते. तेच अस्त्र युद्धनौकांवर चढविण्यासाठी २०२५ च्या नोव्हेंबरात झालेला करार मात्र ३१ कोटी ६० लाख पौंडांचा आहे.

माझ्या वर्गात केज तालुक्यातला एक मुलगा आहे. पहाटे उठून सैन्यभरतीसाठी धावतो आणि माझ्या तासाला डुलक्या घेतो. एके दिवशी मात्र टक्क जागा होता. म्हणाला, “सर, मग तोफा-गोळे आता भंगारातच की!”

मी विचारले, “तुमच्या विहिरीवर विजेची मोटार बसली, तेव्हा डिझेल इंजिन विकलंत का रे?”

“कसं विकणार, सर? डीपी जळाला की तेच कामाला येतं.”

लेझरचा ‘डीपी’ तर आकाशच जाळते. धुके, पाऊस, धूळ आडवी आली की किरण विखुरतो आणि त्याची धार बोथट होते. शिवाय तो सरळमार्गी. अंबाजोगाईला उभ्या केलेल्या किरणाला बालाघाटाच्या डोंगराआडचे काही दिसणार नाही. तोफेचा गोळा डोंगरावरून उडी घेऊन पलीकडे पडतो. आणि किरणाला एकाच जागी काही सेकंद टिकून राहावे लागते, तोवर पुढचे ड्रोन वाट पाहत थांबत नाही.

तरीही मी लेझरचा कैवार घेईन, आणि त्याचे कारण पैशाचे नाही. गोळ्याच्या शिदोरीत मृत्यू भरलेला असतो, आणि तो फक्त शत्रूचाच असतो असे नाही. २०१६ च्या ३१ मे रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह जवान आणि आग विझविणारे कर्मचारी प्राणास मुकले. भंडाऱ्याच्या जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला, त्या दिवशी आठ कामगार गेले. गोळ्याच्या किमतीत त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करतात? किरण कोठारात साठवावा लागत नाही; जनित्र बंद केले की तो नाहीसा होतो. त्या मुलाला उद्या भरतीनंतर कुठे उभे राहावे लागेल कोण जाणे. पण दारूच्या पेट्यांचा ढीग त्याच्या पाठीशी जितका लहान असेल तितका बरा.

सरकारने मात्र तूर्त त्या मुलाच्या वडिलांसारखाच संसार मांडलेला दिसतो. २६ मार्च २०२५ रोजी ३०७ नव्या लांब पल्ल्याच्या तोफा आणि त्या ओढणाऱ्या गाड्यांचा सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार झाला. त्या तोफेचा आराखडा पुण्याच्या पाषाणचा, आणि करारातली एक कंपनीही पुण्याचीच. त्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी कर्नूलला किरण पेटला.