वाळूवरचा मुक्काम

सुटीचे दिवस जवळ आले की समुद्रकाठच्या सहलीचे बेत घरोघर होऊ लागतात. गाडी कोणाची, डबे किती, सतरंज्या कोण आणणार, यावर चर्चा झडतात; मुलांना आदल्या रात्री झोप येत नाही. हा उत्साह आम्हांस प्रिय आहे. परंतु निघावे केव्हा याचा जितका खल होतो, तितका परतावे केव्हा याचा होत नाही, हेही आम्ही पाहत आलो आहो. म्हणून आज वाचकांस दूरदेशीच्या एका बेटावर नेण्याचा आमचा विचार आहे. तेथे वाळूवर तंबू ठोकून राहण्याची हौस फार. आणि तंबू केव्हा उपटावा, हा धडा त्या भागातील लोकांनी जबर किंमत मोजून घेतलेला आहे.

अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यात फ्लॉरिडा नावाचे राज्य एखाद्या बोटासारखे समुद्रात शिरले आहे. त्याच्या टोकापासून नैर्ऋत्येकडे लहानलहान बेटांची एक बाकदार माळ पसरली आहे. एका अंगास अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगास मेक्सिकोचे आखात, आणि बेटे ओवणारा दोऱ्यासारखा एकच रस्ता. शंभराहून अधिक मैलांचा हा रस्ता 42 पुलांवरून उड्या घेत शेवटच्या की वेस्ट शहरास पोहोचतो. मैलांची मोजणी की वेस्टपासून सुरू होते. त्या मोजणीने 37 व्या मैलावर बाहिया होंडा हे बेट लागते. नाव स्पॅनिश असून त्याचा अर्थ 'खोल उपसागर' असा आहे. 1961 पासून हे बेट फ्लॉरिडाचे राज्य उद्यान म्हणून राखलेले आहे. त्याचा विस्तार 500 एकरांहून थोडा अधिक.

पृथ्वीच्या गोलावर पाहिले तर हे बेट कर्कवृत्ताच्या जरासे उत्तरेस येते. आमच्या इंदूरच्या वाचकांपेक्षा ते किंचित उत्तरेस आणि ग्वाल्हेरच्या वाचकांपेक्षा किंचित दक्षिणेस आहे. मात्र चहूकडे कोमट समुद्र असल्यामुळे ग्वाल्हेरची थंडी तेथे नाही. की वेस्टमध्ये हिम पडल्याची नोंद नाही. म्हणूनच उत्तरेकडील राज्ये बर्फाखाली गेली की तेथील कुटुंबे तंबू व फिरती घरे घेऊन या बेटांकडे धाव घेतात.

या माळेतील बहुतेक बेटांना वाळूचा किनारा नाही, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. समुद्रात काही मैलांवर पोवळ्यांच्या खडकांची लांबच लांब रांग आहे. मोठ्या लाटा तेथेच फुटतात, त्यामुळे वाळू आणून टाकण्याचे बळ त्यांच्यात उरत नाही. बाहिया होंडा हे त्यास अपवाद आहे. येथील वाळू पोवळी, शिंपले व चुनखडी शेवाळ यांच्या चुऱ्याची, पांढुरकी आहे. कालूसा, लॉगरहेड व सँडस्पर असे तीन किनारे आहेत. सँडस्पर म्हणजे काटेरी बोंडांचे गवत. अनवाणी चालणाऱ्याच्या पायात ते असे रुतते की नाव पुन्हा विसरू नये.

राहण्याची व्यवस्था साधी आहे. तंबूसाठी व फिरत्या घरांसाठी आखलेल्या जागा आहेत. एका जागेवर आठांहून अधिक माणसांनी राहू नये असा नियम आहे. जागा थोड्या आणि येणारे फार, म्हणून कित्येक महिने आधी नाव नोंदवावे लागते. सकाळी पोहणे, दुपारी सावलीत पडणे, संध्याकाळी गळ टाकून बसणे किंवा छोटी होडी वल्हवणे, असा दिवस जातो. तोंडावर काचेचा चष्मा व श्वासाची नळी लावून पोवळ्यांचे खडक पाहण्यास होडीने जाता येते. त्यांपैकी लू की नावाचा खडक प्रसिद्ध आहे. 1744 मध्ये 'लू' नावाची ब्रिटिश लढाऊ नौका त्यावर आदळून फुटली, तेच नाव खडकास राहिले.

तरी हा स्वर्ग आहे असे कोणी समजू नये. वारा पडला की डोळ्यांस न दिसणारी चिलटे अंगाची आग करतात. रॅकून नावाचा निशाचर प्राणी, काळा मुखवटा घातल्यासारख्या तोंडाचा, झाकण उघडे राहिलेल्या डब्यावर रात्री हात मारतो. या बेटांत एक विषारी झाडही आढळते. ते काजू व बिब्बा यांच्याच कुळातील असून त्याचा चीक लागला की बिब्बा उतल्यासारखे अंगावर फोड येतात. ज्यांनी काजूच्या टरफलाचे तेल हातावर घेतले आहे, त्या गोव्याच्या वाचकांस अधिक सांगणे नको.

उद्यानाचे नियम प्रथमदर्शनी कटकटीचे वाटतात. टेकाडांवरचे उंच गवत तोडू नका. किनाऱ्यावर कुत्रे आणू नका. रात्री वाळूवर दिवा लावू नका. प्राण्यांना खाऊ घालू नका. पण प्रत्येक नियमामागे कारण आहे. त्या गवताच्या मुळ्यांनी वाळूची टेकाडे बांधून धरली आहेत. गवत गेले की टेकाड जाते, आणि टेकाड गेले की समुद्र आत येतो. लाटांनी आणलेले वाळके समुद्रतृण घाण दिसते, परंतु तेही वाळू अडवून धरते.

दिव्याचे कारण तर मोठे मनोरंजक आहे. उन्हाळ्यात रात्री समुद्रकासविणी या वाळूवर येऊन खड्ड्यात अंडी घालतात. सुमारे दोन महिन्यांनी पिले रात्रीच्या अंधारात बाहेर पडतात आणि क्षितिजाची जी बाजू अधिक उजळ तिकडे चालू लागतात. स्वाभाविक स्थितीत ती बाजू समुद्राचीच असते. पण मागे कोणी झगझगीत कंदील टांगला असेल, तर ती बिचारी उलटी चालत जाऊन उन्हात सुकून मरतात. गोव्यात मोरजी व गालजीबाग येथील ग्रामस्थांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. त्यांच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात येतात, आणि तेथेही घरट्यांभोवती कुंपण घालून पहारा ठेवतात.

खाऊ घालण्याची बंदी शेजारच्या बिग पाइन बेटावर विशेष कसोशीने पाळली जाते. तेथे मोठ्या कुत्र्याएवढे ठेंगणे हरीण आहे. जगात ते या बेटांखेरीज कोठेही नाही. शिकारीमुळे एके काळी ते पन्नासांच्याही खाली आले होते. 1957 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले आणि आज त्याची संख्या काही शेकड्यांत आहे. आता त्याचा मोठा शत्रू बंदूक नसून मोटार आहे. प्रेमाने पाव भरवणारा पाहुणा त्याला रस्त्यावर येण्याची सवय लावतो, आणि पाहुणा परत गेल्यावर ते सवयीने रस्त्यावर येऊन चाकाखाली सापडते. माया करणाऱ्यानेही आपल्या मायेचा शेवट कोठे होतो, हे पाहिले पाहिजे.

आता त्या मोठ्या धड्याकडे वळू. बाहिया होंडाच्या पश्चिम टोकास एक जुना पोलादी पूल मधोमध तुटलेला दिसतो. हेन्री फ्लॅग्लर या तेलाच्या व्यापारात गबर झालेल्या धनिकाने या बेटांवरून आगगाडी नेण्याचे मनात आणले आणि 1905 मध्ये काम सुरू झाले. 1906 च्या वादळात शंभराहून अधिक मजूर बुडाले; 1909 व 1910 साली पुन्हा वादळे झाली; तरीही जानेवारी 1912 मध्ये पहिली गाडी की वेस्टला पोहोचली. ती आगगाडी 23 वर्षे चालली.

पुढे मंदीचे दिवस आले. पहिल्या महायुद्धात लढलेले, पण आता बेकार झालेले शेकडो सैनिक सरकारने मोटाररस्ता बांधण्याच्या कामावर या बेटांत पाठविले. बाहिया होंडापासून पूर्वेस सुमारे 40 मैलांवर त्यांच्या छावण्या होत्या. तंबू आणि फळ्यांच्या तकलादू झोपड्या हाच त्यांचा निवारा. तोही समुद्रसपाटीहून काही फूट उंचीवर, आणि वादळांच्या ऐन मोसमात. 1935 च्या ऑगस्ट-अखेरीस वादळ येत असल्याची वार्ता आली. ते दक्षिणेकडून निघून जाईल असा वेधशाळेचा अंदाज होता. गाडी मागवावी की आणखी थोडी वाट पाहावी, या विचारात वेळ गेला. 2 सप्टेंबर रोजी सोमवारी दुपारी उशिरा मायामीहून सुटकेची गाडी निघाली. वाटेत खोळंबत ती रात्री आठनंतर इस्लामोराडा येथे पोहोचली. आणि तेवढ्यात समुद्राची भिंत बेटावर चालून आली. गाडीचे डबे रुळांवरून फेकले गेले. इंजिन तेवढे उभे राहिले. चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांपैकी अडीचशेहून अधिक ते सैनिक होते. युरोपातील रणांगणातून जे जिवंत परतले, ते वाळूवरच्या तंबूत मेले. त्या वेळी की वेस्टला राहणारे कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी मदतीस जाऊन ते दृश्य पाहिले आणि जाब विचारणारा जळजळीत लेख लिहिला.

त्या गाडीची कथा वाचताना आमच्या मनाला एकच गोष्ट लागून राहते. गाडी होती, रूळ होते, इंजिन होते, चालवणारेही होते. नव्हते ते काही तास. आदल्या दिवशी निघालेली तीच गाडी सर्वांना घेऊन परत गेली असती.

रेल्वे पुन्हा उभी राहिली नाही. तिच्याच पुलांवरून मोटाररस्ता बांधून 1938 मध्ये खुला केला. बाहिया होंडाच्या पुलाचा पोलादी सांगाडा आतून दोन मोटारींना अरुंद पडला, म्हणून रस्ता त्या सांगाड्याच्या माथ्यावरून नेला! 1972 मध्ये शेजारी नवा पूल झाला आणि जुना पूल समुद्रात उभा राहिला.

आज त्या परगण्याने एक क्रम ठरविला आहे. मोठे वादळ येऊ घातले की सर्वांआधी पाहुणे, तंबूवाले व फिरत्या घरांतले लोक यांनी निघावयाचे. हा हुकूम जोराचा वारा पोहोचण्याच्या सुमारे 48 तास आधी सुटतो. त्यानंतर हलक्या घरांत राहणारे आणि शेवटी बाकीचे रहिवासी. रस्ता एकच, सर्व एकदम निघाले तर कोणीच पोहोचणार नाही. हुकूम निघतो तेव्हा पुष्कळदा आकाश निरभ्र असते, समुद्र निळा असतो, आणि कित्येक महिने आधी जागा राखून आलेल्या कुटुंबाला मुलांची समजूत घालत तंबूच्या खुंट्या उपटाव्या लागतात. वादळ वाट बदलून दुसरीकडे गेले तर लोक हसतातही. परंतु 2017 च्या सप्टेंबरात हाच क्रम उपयोगी पडला. 6 तारखेस सकाळी पाहुण्यांना निघण्याचा हुकूम झाला आणि संध्याकाळी रहिवाशांना. 10 तारखेस 'इर्मा' हे वादळ उद्यानापासून सुमारे 15 मैलांवर जमिनीवर आदळले. सँडस्परचा किनारा व तेथील तंबूंची जागा यांची इतकी दुर्दशा झाली की तो भाग कित्येक वर्षे बंद ठेवावा लागला. बेटांत काही माणसे दगावली. पण 1935 च्या मानाने ती संख्या फारच थोडी होती. ज्या वाळूवर तंबू उभे राहिले असते, त्या वाळूवर त्या दिवशी माणूस नव्हता.

आमच्या वाचकांपैकी फ्लॉरिडास जाणारे विरळाच. पण मुलांना घेऊन समुद्रावर, धरणावर, नदीच्या पात्रात सहलीला जाणारी कुटुंबे गावोगाव आहेत. त्यांनी घरून निघण्यापूर्वीच तीन गोष्टी ठरवाव्यात, असे आम्ही आग्रहाने सांगू. पहिली, परतण्याचा शब्द कोणाचा. तो एकाचाच असावा, आणि त्याने 'उठा' म्हटल्यावर वाद नसावा. दुसरी, परतण्याची वाट कोणती, आणि पाणी चढले तर ती राहते की बुडते. तिसरी, तेथील जाणत्याला विचारल्यावाचून पाण्यात उतरावयाचे नाही. ज्या दिवशी खारवी आपली होडी लोटत नाही, त्या दिवशी पाहुण्याने गुडघाभर पाण्याचाही मोह धरू नये. किनाऱ्यावर तांबडे निशाण लागले असेल तर ते आपल्यासाठीच लागले आहे असे समजावे.

सहल अर्ध्यावर टाकून परतलेली मुले संध्याकाळभर रुसतात. रुसू द्यावीत. डबा घरच्या ओसरीवर उघडावा, सतरंजी अंगणात पसरावी, आणि त्यांना त्या गाडीची गोष्ट सांगावी.