भोवती आकडे, मध्ये नगर

नगर शहरालगतच्या भिंगार छावणीत कॅन्सर वाढलाय का, असं विचारलं की कुणीही क्षणभर न थांबता हो म्हणतं. पाठोपाठ कारणं येतात: गुटखा, पिकांवरची फवारणी, पाणी, भेसळ. ओळखीतली दोन-चार नावंही निघतात. लोकांचं म्हणणं खरं असू शकतं. पण ते तपासून पाहायचं म्हटलं, तर त्यासाठी लागणारी मूळ गोष्टच नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याकडे नाही. जिल्ह्यात राहणाऱ्या किती माणसांना कोणत्या वर्षी कोणता कॅन्सर नव्याने झाला, याची सलग नोंद इथे झालेली नाही.

नकाशा समोर ठेवला की ही उणीव जास्त बोचते. एका बाजूला पुणे शहर, दुसऱ्या बाजूला छत्रपती संभाजीनगर, पूर्वेला बीड आणि धाराशिव, आग्नेयेला सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. या सगळ्या ठिकाणी कॅन्सरची मोजणी झाली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० सालच्या राष्ट्रीय अहवालात देशातल्या २८ नोंदणी केंद्रांचे आकडे आहेत. त्यांतली सात महाराष्ट्रातली, तेव्हाच्या नावांनी: मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी ग्रामीण. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १४ तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोकसंख्या असलेला आपला जिल्हा या यादीत नाही. शेजाऱ्यांनी गेल्या साठ वर्षांत काय मोजलं आणि त्यातून काय मिळवलं, हे पाहिलं की आपण काय गमावतो आहोत ते कळतं.

सुरुवात परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयापासून होते. ते १९४१ साली सुरू झालं आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथे विकृतिशास्त्राचं काम पाहू लागले. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. कोणत्या समाजात तंबाखू चघळतात, कुठे विडी ओढतात, त्यानुसार तोंडात आणि घशात गाठ नेमकी कुठे होते यात फरक पडतो, ही दिशा त्या काळातल्या अभ्यासांनी दाखवली. सवय बदलली की आजाराची जागा बदलते, हे भारतीय रुग्णांवरून स्पष्ट होऊ लागलं.

पण रुग्णालयाचे आकडे म्हणजे दारात आलेल्यांचे आकडे. ज्याला परळपर्यंत पोचताच आलं नाही, तो त्यात नसतो. ही मर्यादा ओलांडायची तर एक भूभाग ठरवून तिथल्या प्रत्येक रहिवाशाचा हिशेब ठेवावा लागतो. डॉ. दाराब जसावाला यांच्या पुढाकाराने १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने हे काम हाती घेतलं. १९६३ साली मुंबई कॅन्सर नोंदणी केंद्र उभं राहिलं आणि १९६४ पासूनचे आकडे जमू लागले. भारतातली ही अशी पहिली नोंदणी. पुढे तिच्याच शाखा म्हणून सत्तरच्या दशकात पुणे आणि १९७८ साली औरंगाबाद, तर १९८० साली नागपूर इथे काम सुरू झालं.

या नोंदणीची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण भिंगारच्या रुग्णाचं काय होतं ते त्यातूनच कळतं. नोंदणी केंद्राची माणसं शहरातल्या सगळ्या लहान-मोठ्या रुग्णालयांत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि मृत्यू नोंदणी कार्यालयात जाऊन कागद तपासतात. एकच रुग्ण तीन ठिकाणी सापडला तरी तो एकदाच धरतात. आणि महत्त्वाचं म्हणजे, उपचार कुठे झाले यापेक्षा माणूस राहतो कुठे हे पाहतात. बाहेरगावाहून आलेला रुग्ण शहराच्या दरात धरला जात नाही. मग वयाचा हिशेब होतो. कॅन्सर प्रामुख्याने उतारवयातला आजार असल्याने म्हाताऱ्या माणसांच्या गावात तो जास्तच दिसणार. म्हणून सगळ्या ठिकाणची वयोरचना सारखी आहे असं धरून दर काढतात. त्याला वयानुरूप दर म्हणतात. तो काढल्याशिवाय दोन जिल्ह्यांची तुलना करता येत नाही.

मुंबईच्या नोंदींनी एक गोष्ट लवकर दाखवून दिली. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या समाजांमध्येही दर वेगळे होते. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त होता. उशिरा लग्न, कमी मुलं ही त्यामागची कारणं मानली गेली. तंबाखूपासून दूर राहणाऱ्या या समाजात तोंड-घशाचा कॅन्सर मात्र कमी होता. म्हणजे हवापाण्याइतकाच, किंबहुना जास्त, फरक माणसं कशी जगतात यामुळे पडतो.

आयसीएमआरचा राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस मंजूर होऊन १९८२ पासून मुंबई, बंगळूर आणि मद्रास इथे सुरू झाला. तिन्ही महानगरं. खेड्यांचं काय, हा प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर आपल्या अगदी जवळून आलं.

जामखेड तालुक्यातलं खर्डा ओलांडलं की भूम तालुका लागतो. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली साडेतीनशेच्या घरातली गावं घेऊन १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने आणि टाटा मेमोरियलच्या संख्याशास्त्रज्ञ कस्तुरी जयंत ही त्यामागची मुख्य नावं. खेड्यात कागद शोधायला जावं तर कागदच नव्हते, कारण निदानच झालेलं नसायचं. म्हणून त्यांनी पद्धत उलटी केली. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना एकत्र बसवून आजाराची लक्षणं समजावून सांगू लागले. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, छातीत न दुखणारी गाठ, तोंडात न भरणारी जखम. अशी लक्षणं असलेल्यांना त्यांनी रुग्णालयापर्यंत आणलं.

त्या नोंदींत शहर आणि खेडं यांतला फरक ठळक उमटला. बार्शी भागातल्या स्त्रियांमध्ये तेव्हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत पुढे होता. मुंबई-पुण्यात हळूहळू तो मागे पडत गेला आणि स्तनाचा कॅन्सर वर आला. कमी वयात लग्न, अनेक बाळंतपणं, स्वच्छतेच्या आणि तपासणीच्या सोयींचा अभाव ही एका आजाराची वाट. उशिरा पहिलं मूल, कमी मुलं, वाढतं वजन ही दुसऱ्याची. शिक्षण, पाणी आणि लग्नाचं वय जसं बदलत गेलं तसा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा दर राज्यातल्या बहुतेक नोंदणी केंद्रांत खाली आला.

बार्शीत आणखी एक घडलं. नोंदणीसाठी गावोगाव बोलणं झाल्यामुळे बायका लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. सुरुवातीच्या काही वर्षांतच गर्भाशयमुखाचे जास्त रुग्ण आधीच्या टप्प्यावर सापडू लागले, असं जयंत आणि नेने यांच्या पथकाने १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडलं. मोजायला गेलेल्या माणसांनी जीवही वाचवले.

याच पायावर १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात फार मोठी चाचणी उभी राहिली. ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तीत होत्या. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. २००९ साली निकाल आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच सोयींवर ठेवलेल्या गटात ६४. जगभरच्या तपासणी धोरणांत आज या निकालाचा आधार घेतला जातो. मात्र तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावर पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्त आहेत. ज्या बायकांच्या जिवावर हे ज्ञान मिळालं, त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यात ते पुरतं वापरलं जात नसेल, तर त्यांचं ऋण आपल्यावर आहे.

आता आकडे. २०१२ ते २०१६ या काळात उस्मानाबाद-बीडमधला वयानुरूप दर दर लाख पुरुषांमागे ३९.५ आणि स्त्रियांमागे ४९.४ होता. देशातल्या २८ केंद्रांत हा सर्वांत कमी. मुंबईत तो १०८.४ आणि ११६.२ होता. मिझोरामच्या आयझॉल जिल्ह्यात पुरुषांचा दर २६९.४, तर अरुणाचलच्या पापुमपारे जिल्ह्यात स्त्रियांचा २१९.८ होता. एकाच देशात पुरुषांच्या दरात जवळजवळ सातपट अंतर.

हे वाचून मराठवाड्याच्या आपल्या शेजाऱ्यांना कॅन्सर फारसा होतच नाही, असं समजू नये. फरकाचा काही भाग खरा आहे: पुष्कळ मुलं, बाळाला जास्त काळ अंगावर पाजणं, शहरी राहणीचा कमी पगडा. पण दुसरा भाग न दिसलेल्या रुग्णांचा असू शकतो. पोटात गाठ असलेला सत्तरीचा माणूस तालुक्याच्या डॉक्टरपाशीच थांबला, सोनोग्राफी किंवा बायोप्सी झाली नाही आणि घरीच गेला, तर दाखल्यावर वृद्धापकाळ लिहिलं जातं आणि दर तितका खाली राहतो. कमी आकडा आनंदाचा मानण्याआधी तिथे निदान किती जणांपर्यंत पोचतं हे विचारायला हवं.

उलट्या दिशेचं उदाहरण पंजाबचं आहे. माळवा पट्ट्यात कीटकनाशकांमुळे कॅन्सरची लाट आली, अशी देशभर चर्चा होती. टाटा मेमोरियलच्या मदतीने २०१३ पासून तिथे नोंदणी झाली, तेव्हा त्याच पट्ट्यातल्या संगरूर आणि मानसा या ग्रामीण जिल्ह्यांचे दर चंडीगढ आणि मोहाली या शहरी भागांपेक्षा कमी निघाले. याचा अर्थ फवारणी निर्धोक आहे असा होत नाही. पण समज आणि मोजणी यांत केवढं अंतर पडू शकतं ते यातून दिसतं. ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आपण हे विशेष लक्षात ठेवावं.

आता भिंगारकडे या. इथल्या एखाद्या बाईला स्तनात गाठ लागली की नगरमध्ये तपासणी होते आणि पुढे अनेकदा पुणं, बार्शी किंवा मुंबई गाठावी लागते. तिथे ऑपरेशन, किमो, शेक सगळं होतं. रुग्णालयाच्या दप्तरात तिचं नाव राहतं. पण ती पुण्याची रहिवासी नाही, म्हणून पुण्याच्या दरात ती नाही. बार्शीच्या तीन तालुक्यांतली नाही, म्हणून तिथेही नाही. आणि नगरला नोंदणीच नाही. तिच्या आजाराने कोणत्याही जिल्ह्याचा दर हलत नाही.

मृत्यूच्या नोंदींचीही हीच गत. भिंगारमधला मृत्यू छावणी परिषदेकडे नोंदला जातो, लगतच्या नागरदेवळ्यातला ग्रामपंचायतीत, शहरातला महापालिकेत. लष्करी कुटुंबांचे उपचार आणखी वेगळ्या व्यवस्थेत होतात. काही किलोमीटरच्या टापूत इतकी दप्तरं, आणि ती जुळवून पाहणारं कुणी नाही.

एकट्या भिंगारचा दर काढून मात्र उपयोग नाही. समजा ३०,००० वस्तीत लाखामागे ८० या दराने वर्षाला २४ नवे रुग्ण निघतात. काहीही बदललं नसताना केवळ योगायोगाने एका वर्षी १७ आणि दुसऱ्या वर्षी ३२ निघू शकतात. एका गल्लीत तीन घरांत कॅन्सर निघाला की आपण हादरतो, आणि हादरणं साहजिक आहे, पण त्यावरून कारण सांगता येत नाही. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक काउंटीचा दर आणि तो चढतोय की उतरतोय हे लोकांना पाहता येतं. तिथेही १६ हून कमी रुग्ण असले तर आकडा जाहीर करत नाहीत. म्हणून मोजणीचं खरं माप जिल्हा आणि तालुका हे आहे.

आपल्या जिल्ह्यात मोजण्याजोगं पुष्कळ आहे. नगर आणि संगमनेर विडी-तंबाखूच्या उद्योगाची जुनी गावं. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका, मिसरी लावणाऱ्या आज्या, हातावर तंबाखू मळणारी तरुण पोरं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक धूरविरहित. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. त्या बंदीने नगरमध्ये तोंडाचा कॅन्सर कमी झाला का? उत्तर देता येत नाही. तिशीपुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. त्यात किती जण तपासले ते मोजलं जातं. उशिराच्या टप्प्यावर सापडणारे रुग्ण कमी झाले का, हे फक्त नोंदणीच सांगू शकते.

कॅन्सर हा सक्तीने कळवण्याचा आजार करावा, अशी शिफारस संसदीय समितीने २०२२ सालीच केली आहे. जिल्ह्यासाठी मागणीही साधी आहे. जिल्हा रुग्णालयाशी किंवा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं नोंदणी केंद्र, खासगी रुग्णालयं आणि लॅब यांची नियमित माहिती, पुणे-बार्शी-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांकडून नगरच्या पत्त्याच्या रुग्णांची यादी, आणि छावणी, महापालिका, ग्रामपंचायत यांच्या मृत्यू नोंदींशी तिची जुळणी. अशी कामं बार्शीच्या माणसांनी १९८७ पासून केली आहेत. आज आपल्याकडे त्यांच्याहून साधनं जास्त आहेत.

चढ की उतार हे ठरवायला किमान दहा वर्षांचे सलग आकडे लागतात. मोजणी यंदा सुरू केली, तरच भिंगारमध्ये आज जन्मलेली मुलगी पाचवीत जाईल तेव्हा तिच्या जिल्ह्याला या प्रश्नाचं खरं उत्तर देता येईल.