मागे घर, पुढे रस्ता आणि रात्रीचा मुक्काम

आपल्यापैकी अनेकांची मुलं-लेकी आज अमेरिकेत आहेत. आई-वडील तिकडे गेले की फिरायला नेण्याचा बेत ठरतो. मोठं कुटुंब, सोबत वयस्कर माणूस, हलाल जेवणाचा प्रश्न, नमाजच्या वेळा. मग कुणीतरी सुचवतं, छोटा ट्रेलर गाडीच्या मागे जोडा, घरच सोबत न्या. आम्हीही तेच केलं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि खेडहून आलेल्या अम्मी. टेक्सासमधल्या डॅलसहून अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनपर्यंत जायचं होतं, साधारण सतराशे किलोमीटर. त्या वाटेवर आम्हाला जे शिकायला मिळालं ते वाचकांपुढे ठेवत आहोत, म्हणजे निदान आमच्या चुका कुणी पुन्हा करणार नाही.

चार इंच झोल, एका क्षणात

भाड्याने घेतलेला ट्रेलर सतरा फुटांचा होता. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, छोटं न्हाणीघर. आमची गाडी सुमारे २,२७० किलो ओढू शकते आणि भरलेला ट्रेलर १,६०० किलोच्या आसपास होता. हिशेब बरोबर वाटला. निघण्याआधी एकूण वजन पाहिलं, पण ते वजन ट्रेलरमध्ये कुठे ठेवलंय हे पाहिलं नाही.

वुजूला पाणी कमी पडायला नको म्हणून टाकी काठोकाठ भरली, ११० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि ती टाकी होती चाकाच्या मागे. तांदूळ, डाळी, मसाल्यांचे डबे मागच्या कपाटात. मुलांच्या दोन सायकली अगदी शेवटी, मागच्या बंपरवर टांगलेल्या.

पहिल्याच दिवशी दुपारी अमरिलोच्या अलीकडे मोकळ्या माळावर वारा सुटला. त्या भागात वाऱ्याला अडवायला ना डोंगर, ना झाडी. एक मोठा ट्रक शेजारून झपकन पुढे गेला आणि आमचा ट्रेलर डावीकडे झुकला, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. आधी चार इंचांचा वाटलेला झोल बघता बघता अख्खी लेन व्यापू लागला. मागचा ट्रेलर गाडीला शेपटीसारखा हलवत होता. मागच्या सीटवर अम्मींच्या तोंडून कलिमा ऐकू येत होता. मुलं गप्प झाली होती.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तीच मोठी चूक ठरते. गाडी एकदम थांबू पाहते आणि मागचं वजन तिला ढकलून आडवं करतं. स्टेअरिंग उलटसुलट फिरवलं तर झोल वाढतो. वेग वाढवून सरळ होईल हाही गैरसमजच. ट्रेलर देणाऱ्याने आम्हाला एक गोष्ट पाठ करून घेतली होती, तीच कामी आली: पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टेअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि डॅशबोर्डखाली बसवलेल्या बटणाने फक्त ट्रेलरचा ब्रेक हळूहळू लावायचा. ट्रेलर मागून ओढ घेतो आणि रांगेत येतो. तसंच झालं. अल्हम्दुलिल्लाह, पाच-सात सेकंदांचा खेळ होता, पण रस्त्याच्या कडेला थांबल्यावर आमचे हात कितीतरी वेळ थरथरत होते.

उलाळलेली गाडी

अम्मींना सगळी तांत्रिक भाषा समजावण्याची गरजच पडली नाही. त्या म्हणाल्या, "बैलगाडीत मागे माल जास्त झाला की गाडी उलाळते. तुमची ही गाडी उलाळली आहे."

अगदी खरं होतं. ट्रेलरचं तोंड गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसतं. त्या गोळ्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा. भार कमी पडला की ट्रेलर हलका धरलेल्या दोरीसारखा लहरू लागतो. फार जास्त झाला तर गाडीची मागची बाजू खाली बसते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते.

पुढच्या गावात हायवेवरच्या ट्रक-थांब्यावर वजनकाटा होता. ट्रेलर जोडून गाडीचं वजन केलं, मग ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे गोळ्यावरचा भार. तो निघाला १२० किलोही नाही, जेमतेम सात टक्के. टाकीतलं ८० लिटर पाणी सोडून दिलं, धान्याचे डबे पुढच्या पलंगाखाली आणले, सायकली काढून आत पुढे बांधल्या. पुन्हा काट्यावर चढलो तर भार सुमारे १९० किलो, म्हणजे बारा टक्क्यांच्या वर. त्यानंतर ताशी ९५ किलोमीटरच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. टेक्सासमध्ये काही रस्त्यांवर ताशी १२० पर्यंत मुभा आहे, पण ट्रेलरचे अनेक टायर ताशी १०५ किलोमीटरच्या हिशेबानेच बनवलेले असतात. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच सुमारे ८८ची मर्यादा आहे.

राहिला वुजूचा प्रश्न. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत असत, हे हदीसमध्ये आलेलं आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. मुद्द म्हणजे एक लिटरहूनही कमी. अम्मींनी एक तांब्या ठरवून दिला आणि प्रत्येकाने त्यातच वुजू करायचं असा नियम केला. प्रवासभर उरलेल्या ३० लिटरचीच सोय ठेवली, रोज जिथे मिळेल तिथे तेवढंच भरलं. कधीही कमी पडलं नाही. ज्या पाण्याने आमचा जीव धोक्यात आला होता, त्यातलं बरंचसं आम्हाला लागणारच नव्हतं.

रात्री कुठे थांबायचं?

या सगळ्या उलाढालीत अमरिलोला पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. मोठ्या दुकानांच्या पार्किंगमध्ये रात्री ट्रेलर उभा करू देतात, असं ऐकून होतो. एका दुकानासमोर कोपरा पाहून थांबलो, शाफई मसलकप्रमाणे मगरिब आणि इशा जमा करून अदा केली आणि आडवे झालो. अकराच्या पुढे दारावर थाप पडली.

परमुलखात, रात्री दारावर थाप. अम्मी दचकून उठून बसल्या. बाहेर सुरक्षारक्षक होता. सभ्यपणे बोलला, पण स्पष्टपणे: इथे रात्री थांबायला बंदी आहे. खांबावर पाटी होती, आम्ही पाहिलीच नव्हती. नंतर कळलं की असा सरसकट नियमच नसतो. एकाच साखळीतल्या एका दुकानात मॅनेजर हो म्हणतो, दुसऱ्यात नगरपालिकेचा कायदा आडवा येतो. म्हणून दुकान बंद होण्याआधी आत जाऊन विचारायचं. होकार मिळाला तरी तो रात्रीपुरता. खुर्च्या मांडायच्या नाहीत, शेगडी बाहेर काढायची नाही, सकाळी कचरा उचलून निघायचं.

तिथून निघून ट्रक-थांब्यावर आलो. ट्रकसाठी आखलेली एक लांबलचक जागा रिकामी होती. थकलेलो होतो, मुलं पेंगत होती. तिथेच थांबायचं आम्ही ठरवलं. अम्मींनी विचारलं, "ही जागा कुणाची?" ट्रकवाल्यांची, आम्ही म्हणालो. त्यांच्यासाठी कायदा कडक आहे: जास्तीत जास्त अकरा तास चालवलं की सलग दहा तास विश्रांती घ्यावीच लागते. जागा मिळाली नाही तर थकलेला माणूस पुढे जातो किंवा रस्त्याच्या कडेला उभा राहतो.

"मग बेटा, हे त्याचं अंथरूण आहे. त्यावर आपण कसं निजायचं?"

निदान रस्त्याच्या कडेला तरी थांबू या, असं आमच्या तोंडून निघालं. त्यावर अम्मींनी सहीह मुस्लिममधली शिकवण आठवून दिली: रात्री मुक्काम करायचा तर वाटेपासून बाजूला व्हावं, कारण रात्री ती जनावरांची वाट असते. आजच्या हायवेवर जनावरांच्या जागी चाळीस टनांचे ट्रक आहेत, इतकाच फरक. आम्ही निमूटपणे काउंटरवर जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी नकाशा काढून सरकारी विश्रांतिस्थळ दाखवलं. टेक्सासमध्ये अशा जागी चोवीस तासांपर्यंत थांबता येतं, फक्त तंबू ठोकता येत नाही. दिवे होते, स्वच्छ शौचालय होतं, आमच्यासारखी आणखी तीन कुटुंबं होती. त्या रात्री आम्ही शांत झोपलो.

हा नियमही राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात अशा ठिकाणी चोवीस तासांत आठच तासांची मुभा आहे. म्हणून राज्याची सीमा ओलांडली की नियम नव्याने पाहायचा.

ग्रँड कॅन्यनच्या आतले ट्रेलरतळ कित्येक महिने आधीच भरलेले असतात. पण दक्षिणेला लागूनच कैबाब हे राष्ट्रीय वन आहे. तिथे ठरलेल्या जंगलरस्त्यांलगत मोफत राहता येतं. वीज नाही, नळ नाही. आपला कचरा आपणच परत न्यायचा. आम्ही दोन रात्री तिथे राहिलो. उंची दोन हजार मीटरच्या वर, त्यामुळे पहाटे चांगलीच थंडी. फजरला सगळे बाहेर आलो, तेव्हा पाइनच्या झाडांमधून तारे अजून दिसत होते. अम्मी तांब्या घेऊन आधीच तयार होत्या.

निघण्याआधी एवढं पाहा

जड सामान चाकाच्या थोडं पुढे ठेवा, टोकाला काही टांगू नका. वजनकाट्यावर खात्री करा. साखळ्या एकमेकींवरून तिरक्या जोडा. टायरची हवा सकाळी, ते थंड असताना पाहा. पहिल्या ऐंशी किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. ट्रेलर सोडण्याआधी चाकांना उटी लावा. गॅसची शेगडी उबेसाठी कधीही पेटती ठेवून झोपू नका. आणि मुक्कामाची जागा सूर्य मावळण्याआधी, विचारून ठरवा.

परतीच्या वाटेवर त्याच माळावर पुन्हा वारा होता. ट्रक शेजारून गेले, ट्रेलर जरासा हलला आणि सरळ राहिला. संध्याकाळी पाचलाच एका दुकानात जाऊन रात्री थांबू का, असं विचारलं. मॅनेजरने मागचा कोपरा दाखवला. सकाळी निघताना मुलांनी आमचा कचरा उचललाच, शेजारी पडलेल्या कुणाच्या तरी दोन बाटल्याही उचलल्या. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.