आत्मसन्मानाचा अपूर्णांक

मनुष्य स्वतःला किती मोल देतो, हे कशावरून ठरते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली याचे उत्तर एका अपूर्णांकाच्या रूपाने मांडले. अंशस्थानी मिळालेले यश, छेदस्थानी बाळगलेली आकांक्षा. या दोहोंचा भागाकार म्हणजे आत्मसन्मान होय. आकांक्षा वाढली आणि यश तेवढेच राहिले, तर आत्मसन्मान घटतो.

बंगळूर येथील चामराजपेट हा भाग १८९२ साली आखून वसविण्यात आला. तेथील शाळकरी मुलाची तुलना एके काळी वर्गातील व गल्लीतील सोबत्यांशीच होत असे. आज त्याच्या हाती मोबाइल आला, की असंख्य अनोळखी मुलांच्या निवडक छायाचित्रांशी ती होऊ लागते. छेद असा अमर्याद फुगतो. मग अंश वाढविण्याचा सोपा उपाय म्हणून जीव धोक्यात घालून चित्रण करणे, अपरिचितांशी सलगी करणे, खाजगी छायाचित्रे पाठविणे, असे प्रकार घडू शकतात.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलामुलींच्या मेंदूचे प्रतिमांकन चालू असता त्यांना छायाचित्रे दाखविण्यात आली. प्रत्येकाखालील पसंतीचा आकडा संशोधकांनीच ठरविलेला होता. तरीही मोठा आकडा असलेल्या चित्रांनाच मुलांनी अधिक पसंती दिली. स्वतःच्या चित्राला पुष्कळ पसंती मिळाल्याचे दिसताच पारितोषिकाशी निगडित असे मेंदूतील केंद्र अधिक क्रियाशील झाले. उलट मद्यपान, धूम्रपान इत्यादींची चित्रे पाहताना आत्मसंयमनाशी संबंधित भागांचे कार्य मंदावले. अर्थात एवढ्या लहान गटावरून सर्वांविषयी निर्णय करणे योग्य नव्हे. परंतु दिशा स्पष्ट आहे.

चामराजपेटपासून काही किलोमीटरांवरील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत तंत्रसाधनांच्या निरोगी वापरासाठी २०१४ साली स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले. मुलाला तेथे किंवा अन्यत्र साहाय्य मिळण्यासाठी प्रथम त्याने बोलले पाहिजे. पाठविलेल्या छायाचित्राच्या आधारे धमकावणाऱ्याचे सारे बळ मुलाच्या मौनात असते, आणि घरच्या शिक्षेचे भय ते मौन अधिक दृढ करते. यास्तव पालकांनी व शिक्षकांनी प्रथम ऐकून घ्यावे, मग विचारावे. १०९८ ही बालसाहाय्याची व १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनिसेवा उपलब्ध आहे.

छेद आवरणे मुलाच्या एकट्याच्या हाती नाही. खेळ, वाचन, घरातील एखादे जबाबदारीचे काम यांतून त्याचा अंश मात्र वाढविता येतो. आणि त्यास अपरिचितांच्या पसंतीची गरज नसते.